टेप चालू आहे

थोरल्याने आणखी एक रीळ मशीनवर चढवलं, टेप हेडवरून नीट ओवून घेतली आणि आईला म्हणाला, "यात नक्की असेल."

नव्हतं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत नुसती गिटार. स्वच्छ, नितळ, कुठे म्हणून खरखर नाही. एरवी तो डोळे मिटून मान डोलावत बसला असता. आता त्याने रीळ उतरवलं आणि डबीत घातलं.

"वाजवतोय छान," आई म्हणाली. "पण हे त्याचे हात झाले. मला तो बोललेला ऐकायचाय."

धाकट्याला ट्रकने उडवलं, त्याला अजून महिना व्हायचा होता. घरात त्याचे फोटो ढिगाने होते. पण आईची नजर जाऊन कैक वर्षं झाली होती, फोटो घेऊन ती काय करणार? मागून मागून तिने एवढंच मागितलं होतं. आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रांनी जिथे अर्धी खोली अडवली आहे, त्या घरात हे मागणं अगदीच साधं होतं.

थोरला जॅझचा वेडा. पाहुण्यांना पाणी विचारण्याआधी हा अ‍ॅम्प्लिफायर तापत ठेवणार. हात धुतल्याशिवाय रेकॉर्डला शिवणार नाही, दुसऱ्या कुणाला तर मुळीच शिवू देणार नाही. त्याच्या कानात होतं ते जॅझ धाकट्याच्या बोटांत उतरलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. दर रविवारी माइक लावून तो त्याला समोर बसवायचा. पण धाकट्याच्या तोंडाला विसावा नव्हता. धून सुरू व्हायच्या आधी बडबड, संपली की बडबड, आणि वाजवताना वर गुणगुणणं. थोरल्याने त्याला दातांत पेन्सिल धरून वाजवायला लावलं, तेव्हा कुठे गुणगुणणं थांबलं. उरलेलं तो संध्याकाळी टेपमधून ब्लेडने कापायचा. हसणं, खोकणं, "दादा, झालं का रे? भूक लागलीय," सगळं केराच्या टोपलीत. जोड इतके बेमालूम की मित्रांना रेकॉर्डिंग ऐकवून तो विचारायचा, सांगा बघू कुठे कापलंय. कुणालाही कधी सांगता आलं नव्हतं.

"तो तर सारखा बोलायचा," आई म्हणाली. "मला आत स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग टेपवर कसं नाही?"

थोरल्याला काही केल्या खोटं सुचेना. "मी कापलं, आई."

आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. चिंधीसुद्धा तिने कधी टाकली नव्हती. तिने अगदी सहज विचारलं, "मग कापलेलं कुठं ठेवतोस?"

थोरला उठला. ज्या स्पीकरना कुणी बोटभर हलवलं तर तो घर डोक्यावर घ्यायचा, ते त्याने धरून बाजूला फरफटवले. वायरी उपसल्या, कपाट ओढलं, गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने हात फिरवत गेला. धूळ निघाली, एक स्क्रू निघाला, दातांचे व्रण उमटलेली पेन्सिल निघाली. ती त्याने खिशात टाकली. मग मशीनच्या टेबलामागे हाताला तपकिरी गुंता लागला. टेपचा तुकडा होता. दोन्ही हात फाकले तरी उरेल एवढा.

टेपला उघड्या बोटांनी कधी न शिवणारा हा माणूस सदऱ्याच्या टोकाने ती पट्टी पुसत बसला. दोन्ही टोकांना त्याने कोरी टेप जोडली. पहिला जोड वाकडाच बसला. सोडवून पुन्हा केला. देवाधर्माच्या वाटेला तो कधी गेला नव्हता, पण बटण दाबताना ओठ आपोआप हलले. आईला त्याने स्पीकरजवळ आणून बसवलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

खरखर झाली. मग खणखणीत आवाज आला.

"जरा गप्प बसशील का? टेप चालू आहे."

आवाज थोरल्याचाच होता.

त्यानंतर खुर्ची करकरली. मग काहीच नाही. पट्टी संपली आणि कोरी टेप फिरत राहिली. थोरल्याने मशीन बंद केलं आणि तो तिथेच जमिनीवर बसला. "माझाच निघाला गं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

आईने हात वर केला. ती अजून ऐकत होती.

"तुझ्यानंतर," ती म्हणाली. "खुर्ची वाजली, त्यानंतर. श्वास घेतला बघ त्याने. नाकात बारीक शीळ वाजते ना, ती. लहानपणापासून नाक चोंदलेलं असायचं त्याचं. परत लाव."

त्याने परत लावलं. खरंच होता. एक लांब श्वास, बारीक शिटीचा, वाजवायला सुरुवात करण्याआधीचा. इतक्या महागड्या माइकने तो टिपला होता आणि इतक्या तयार कानांना तो कधी ऐकू आला नव्हता.

थोरल्याने डोळे पुसले आणि ब्लेड उचललं. "थांब, आधीचं माझं तेवढं काढून टाकतो. मग नुसता तोच राहील."

आईने चाचपडत त्याचं मनगट पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"आता काही कापू नकोस."

त्याने टेप मागे घेतली. "जरा गप्प बसशील का?" त्याचा आवाज खोलीभर घुमला, आणि धाकटा गप्प बसला.

"परत," आई म्हणाली.