शंभरातून सात

मेंढ्या चोरल्याच्या खटल्यातून सुटायला बाकीझिओकडे एकच वाट उरली होती, ती म्हणजे वेडाचं सोंग. त्याला तपासायला मिलानहून सरकारी डॉक्टरीणबाई आमच्या नुओरोच्या तुरुंगात आल्या. मी त्याचा वकील. त्याला आधीच बजावलं होतं, "काका, काहीही विचारलं तरी उत्तर चुकीचंच द्यायचं."

पठ्ठ्या रंगात आला.

"आजोबा, हे ठिकाण कोणतं?"

"माझं लग्नघर."

"आणि मी कोण?"

"नवरी. पण फार वाळलीस गं."

बाईंनी 'भ्रमिष्ट' असं लिहायला घेतलंच होतं. फक्त शंभरातून सात वजा करायचा प्रश्न राहिला होता. पण सार्डिनियाच्या डोंगरी माणसाला त्याच्या जगातलंच उदाहरण द्यावं, असा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी प्रेमाने विचारलं, "समजा, शेजाऱ्याच्या शंभर मेंढ्या होत्या. त्यातल्या सात गेल्या. उरल्या किती?"

बाकीझिओ ताडकन उठला.

"सात? वकीलसाहेब, सांगा हिला. सात मेंढ्यांसाठी मी पायात बूटसुद्धा घालत नाही. एकवीस नेल्या. उरल्या एकोणऐंशी, जा, मोजून ये."