चांगली आवृत्ती

भयपटांच्या एका अवलिया दिग्दर्शकाचं नाव वयस्क बाईंच्या तोंडून ऐकून दुकानदाराची कळी खुलली. बाईंनी सांगितलेल्या चित्रपटाच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या डिस्क त्याने काउंटरवर मांडल्या.

"काकू, ही घ्या, चित्र आरशासारखं लख्ख. ही दुसरी, हिच्यात रक्ताचा थेंबही कापलेला नाही. तिसरीत काही दम नाही, शेवटी नुसत्या चित्रीकरणातल्या गमतीजमती आहेत."

बाईंनी तिसरी उचलली.

"अहो, हिचं चित्र अगदीच पुसट आहे."

"असू दे. ह्यात प्रेताचं काम आमच्या ह्यांनी केलं होतं." त्यांनी हातातल्या डिस्कवरून बोट फिरवलं. "मागच्या वर्षी गेले ते. शॉट संपल्यावर हसत उठून बसतात ना, ते फक्त हिच्यातच आहे."