ओठांवरचं बोलणं

फलाटाच्या फटीत अडकलेला कापूस. मिलच्या चिमणीवर उगवलेला पिंपळ. शेंगाचटणीचा डबा.

“दिवाळीला येतोच, अप्पा!” मुलगा कानाशी ओरडला.

“ओरडतो कशाला? माग कधीच बंद पडले,” मिलमध्ये कान गमावलेले नरसप्पा हसले.

सुरतेची गाडी हलली. बंद काचेआड मुलगा बायकोकडे वळून काहीतरी बोलला. मागांच्या खडखडाटात सगळे कामगार ओठ बघूनच बोलणं ओळखत. नरसप्पांची ती सवय अजून गेली नव्हती.

“आता परत इकडं यायचं नाही. अप्पाला कळू देऊ नको.”

नरसप्पांनी आवाज न काढता ओठ हलवले. “सुखानं राहा.”

मुलाला ते ओळखता येत नव्हतं. त्यानं हसून हात हलवला.

हे स्टेशन मिलसाठी गावोगावहून माणसं आणायला बांधलं होतं.