वगळलेली खुर्ची

आईच्या शोकसभेत मंचावरच्या खुर्च्या लेकीनेच मांडल्या आणि मुख्याध्यापकांची मुद्दाम वगळली. बसून शिकवणं म्हणजे कामचुकारपणा, असं पोरांदेखत सुनावून याच माणसाने आईच्या वर्गातली खुर्ची उचलून नेली होती. त्यानंतर नऊ वर्षं आईने उभ्यानेच शिकवलं. घरी आली की सुजलेले गुडघे शेकत लेकीचा अभ्यास घ्यायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. “माझी खुर्ची कुठाय?” मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं. लेकीने उत्तर मात्र माइकवरून दिलं. “बसून श्रद्धांजली वाहणं म्हणजे कामचुकारपणाच की, सर!” पहिल्या रांगेत संस्थेचे विश्वस्त बसलेले, त्यामुळे सरांना निघूनही जाता येईना. आठवणी सांगायला आईच्या विद्यार्थ्यांची रांग दारापर्यंत गेली होती. तासाभराने मुख्याध्यापक गुडघा चोळू लागले. पुढच्या विद्यार्थिनीने विचारलं, “ताई, थोडक्यात आटपू का?” “छे गं! सगळं सविस्तर सांग. अगदी पहिलीपासून.”