आधी वाय, मग एक्स

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी धाकट्या सुकेशनीनं आमच्या गंगापूरच्या शेतात फवारणीचं ड्रोन आणलं. त्याचा प्रोग्राम तिनं आणि शहरात नोकरीला असलेल्या तिच्या भावानं, रामप्रसादनं, मिळून लिहिला होता. पहिल्याच दिवशी ड्रोन कपाशी सोडून घरावर चालून आलं. आम्ही म्हातारा-म्हातारी जीव घेऊन आत पळालो.

"मलाच औषध मारतंय व्हय गं तुझं विमान?" सखूबाई ओरडली.

"आजी, दिशा काढायच्या सूत्राला आधी वाय द्यायचा असतो, मग एक्स. आमचं उलटं झालं. केली मी अदलाबदल. दादालाबी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सखूबाई अंगणातून हलायला तयार नव्हती. "पोरीनं नीट केलंय. आता कशाला भ्यायचं?"

ड्रोन वर गेलं आणि रामप्रसादचा फोन आला.

"सुकू, बिनधास्त उडव. तू म्हणालीस तशी सकाळीच अदलाबदल केलीय मी."

सुकेशनी फोन कानाला धरूनच अंगणाकडे धावली.

"दादा, ती मी कालच केली होती. म्हंजे परत उलटं झालं! आजी, पळ!"

माझी बायको सखूबाई त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वारली.