धोंड्याच्या जेवणातली पुडी

"रोज किती घेता, काका?" डॉक्टर आफरीननी पुंजारामला विचारलं आणि उत्तर जावयाने, आकाशरावांनी, दिलं.

"रोज संध्याकाळी क्वार्टर तर पक्की. पगार झाला की मग विचारूच नका."

पुंजारामने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. सकाळपासून घेतली नव्हती, त्यामुळे ते थरथरत होते आणि ते जावयाला दिसू नयेत एवढीच त्याची धडपड होती. शेजारी त्याची बायको सरूबाई मनातल्या मनात म्हणत होती, बोला की हो, एकदा तुमच्या तोंडानं बोला. "नुसतं बघून येऊ" एवढ्या बोलीवर तो हर्सूलहून गाडीत बसला होता. गाडी जावयाची होती, त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रापर्यंतच्या वाटेवर बोलण्याचा हक्कही जावयाचाच होता.

"याला काय काय इलाज असतात ते तरी सांगा म्याडम," सरूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं. एकदम सोडली तर अंग कापतं, कुणाला झटके येतात, म्हणून सुरुवातीचे काही दिवस इथे भरती राहिलेलं बरं. त्रास कमी असेल तर घरी राहूनही गोळ्या घेता येतात. पण गोळ्यांनी काम संपत नाही. पुढे बोलणं लागतं, इथे येत राहणं लागतं, दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीत बसणं लागतं. मध्येच पुन्हा घेतली, तरी लाजून घरी बसायचं नाही, परत यायचं.

"एवढं सगळं काहून?" आकाशराव म्हणाले. वाळूजच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि समोर दोन माणसं बसली की त्यांचा आवाज आपोआप मोठा व्हायचा. "मन घट्ट पाहिजे, बस्स. माझ्याकडं बघा. कंपनीत पार्ट्या होतात, सगळे ढोसतात. मी थम्सअप घेऊन कोपऱ्यात उभा. मामा, तुम्हाला किती वेळा सांगितलं?"

"लई वेळा," पुंजाराम म्हणाला.

"हा आजार आहे, दादा," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या मनावर ढकलून चालत नाही. आणि होकार काकांचा लागतो, तुमचा नाही. बरं, घरी काही उपाय करून बघितला का? कुणी पुडी वगैरे दिली?"

सरूबाईने पदर तोंडाशी नेला. आठ दिवस हेच तिच्या छातीवर बसलं होतं.

"दिली," ती म्हणाली. "गुलमंडीकडच्या एका माणसानं दिलती. गुपचूप आमटीत टाका, आपोआप सुटंन म्हणला."

पुंजारामने मान वळवून बायकोकडे पाहिलं. "आमटीत?"

"तुमच्याच वाटीत टाकली होती. तुम्ही खाल्ली कुठं?"

मग तिने सांगून टाकलं. अधिक महिन्याचं धोंड्याचं जेवण होतं. लेक आणि जावई दोघं आलेले. पुडीची वाटी तिने बरोबर नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि धोंडे आणायला आत गेली. बाहेर येते तर पुंजारामने "घ्या पाहुणे, लाजू नका" म्हणत आपली वाटी जावयाच्या ताटात सरकवलेली. जावयाने ती पिऊन वर मिशाही पुसल्या होत्या. ओरडावं तरी काय म्हणून? संध्याकाळी जावई गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणून गेले आणि आले ते तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. सरूबाईने नारळ बोलला, दृष्ट काढली आणि लेकीचं कुंकू आपल्याच हाताने पुसते की काय म्हणून रात्रभर उंबऱ्यात बसून राहिली.

"अशा पुडीत काय असतं ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक झाला होता. "बऱ्याचदा एक गोळी कुटून घालतात. आम्हीसुद्धा ती देतो, पण तपासण्या करून, माणसाला सगळं सांगून आणि त्याने हो म्हटल्यावर. चोरून दिली आणि तो प्यायला, तर जीवावर बेतू शकतं."

"अन् न पिणाऱ्या माणसानं खाल्ली तर? आमच्या पाहुण्यांसारख्या?"

"मग असं काही होत नाही. तोंड लाल होणं, धडधड, उलट्या, हे सगळं त्यावर दारू गेली तरच."

"म्हंजे माझा दोष नाय," सरूबाई म्हणाली आणि तिला रडूच आलं. "देवा, माझ्या हातानं काही नाय झालं."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं. मग पदर नाकाशीच राहिला. तिने हळूच जावयाकडे पाहिलं.

आकाशराव भिंतीवरचा यकृताचा तक्ता वाचत होते. कान लाल झाले होते, आणि आज तर त्यांनी आमटी खाल्ली नव्हती.

"पेट्रोल पंपावर..." ते म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी ऊनही होतं."

"संध्याकाळी," पुंजाराम म्हणाला.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सरूबाईला लेकीचा चेहरा आठवला. फोनवर "ह्यांना उशीर होतो गं, ओव्हरटाइम असतो" म्हणताना लेक जरा थांबायची. ते थांबणं तिला आत्ता ऐकू आलं.

पुंजारामच्या पोटातून काहीतरी वर येत होतं. सरूबाईला वाटलं, ओकारी. पण ते हसू होतं. कितीतरी महिन्यांनी तो न पिता हसत होता. मांड्यांखालचे हात त्याने बाहेर काढले आणि थरथरत होते तसेच टेबलावर ठेवले.

"म्याडम, मी ऱ्हातो भरती," तो म्हणाला. "पण आधी पाहुण्यांचं नाव लिहा. जावयाच्या आधी सासऱ्यानं कसं बसावं?"