पेटीच्या आतून

मालाडच्या मॉलमध्ये स्टेजवर काळी शवपेटी ठेवली होती आणि सीताराम तांडेल तिच्यात उतरत होते. एक पाय आत गेला, दुसरा उचलेना. मालनने तो धरून आत ठेवला.

"हवा येतली मा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पायाकडे भोकां आसत," सीताराम म्हणाले. तोंडात सुळे बसवले होते, त्यामुळे शब्द फुगून येत होते. "तू पुढच्या खुर्चीत बस. माका उठताना बघ."

कधीकाळी त्यांनी स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांत माणसांचं रक्त पिणारा जमीनदार केला होता. काळा झगा, मागे चापून बसवलेले केस आणि गळ्याकडे हळूच येणारा हात. आज एका नव्या व्हॅम्पायर मालिकेचा गाजावाजा होता. खाली जमलेली निम्मी पोरं प्लास्टिकचे सुळे लावून आली होती आणि सलाइनसारख्या पिशव्यांतून लाल सरबत ओढत होती. फोटो काढताना प्रत्येक जण हात गळ्याशी नेऊन बोटं वाकवत होता. सीताराम तशीच वाकवायचे. त्यांनीही ती लकब कुठल्याशा परदेशी पोस्टरवरून उचलली होती.

कार्यक्रम नितेशच्या ताब्यात होता. "काका, देवेश सर स्टेजवर आले की मी झाकण उघडणार, तुम्ही उठायचं. जुना व्हॅम्पायर, नवा व्हॅम्पायर, दोघांचा फोटो. कडी बाहेरून आहे, पण मी इथेच आहे."

झाकण लागलं. कडी सरकली.

मालिकेचा हिरो देवेश उशिरा आला. पोरांच्या किंकाळ्यांनी वरच्या मजल्यांवरचे लोकही कठड्याशी धावले. नितेश कडीला हात घालणार, तोच देवेशने माइक बाजूला केला.

"एंट्री माझी आहे की यांची?"

"सर, ते आत झोपलेत."

"मग झोपू दे ना. केक आण."

पहिल्या रांगेत बसलेल्या मालनने हे ऐकलं. दोघा वेटरांनी भलामोठा लाल केक उचलून आणला आणि टेबल नव्हतं म्हणून शवपेटीच्या झाकणावर, पायाकडच्या भोकांवरच ठेवला. देवेशने सुरी घेतली.

तेव्हा आतून ठक्कन आवाज आला.

पोरं चमकून पेटीकडे वळली. मग टाळ्या पडल्या.

"ऐकलंत?" देवेश माइकवर म्हणाला. "भूक लागलीय त्याला."

त्याने सुरीच्या मुठीने झाकणावर दोनदा वाजवलं. आतून भराभर ठोके आले. पोरांनी त्याच तालात टाळ्या धरल्या. डीजेने त्याखाली ढोलाचा ठेका सोडला आणि आवाज वाढवला.

मालन स्टेजच्या पायऱ्या चढली. सिक्युरिटीवाल्याने तिला अडवलं. ती त्याच्या हाताखालून नितेशकडे ओरडली, "ते मरतील आत."

"आजी, लाइव्ह चालू आहे. दोन मिनिटं."

"कडी काढ आधी."

"आवाज येतोय ना? म्हणजे ठीक आहेत."

देवेशने केक कापला, पहिला तुकडा पुढच्या रांगेतल्या एका मुलीला भरवला, तिच्यासोबत फोटो काढला. मग आणखी एक मुलगी आली. ढोलाच्या आवाजात आतले ठोके आधी बारीक झाले, मग एखाददुसरा आला आणि मग आलेच नाहीत. मालन नितेशकडे बघत राहिली. नितेश पब्लिककडे बघत होता.

देवेश निघाला तशी गर्दी त्याच्या मागे वळली. वेटरांनी उरलेला केक उचलला. नितेशने कडी ओढली. ती क्रीममध्ये रुतली होती, बोटं घसरली. दुसऱ्यांदा ओढल्यावर निघाली.

सीताराम उघड्या तोंडाने श्वास ओढत होते. एक सुळा निखळून हनुवटीला चिकटला होता. तोंड घामाने भिजलं होतं आणि उजव्या हाताची नखं तुटून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. वरचा दिवा डोळ्यांवर पडल्यावर त्यांनी मान वळवली. खाली राहिलेल्या पोरांनी मोबाइल वर धरले.

त्यांना मोबाइल दिसले. पेटीची कड धरून ते उठून बसले. हात हळूच वर आला, गळ्यापाशी थांबला आणि रक्ताळलेली बोटं वाकली.

पोरांनी जल्लोष केला. देवेशच्या मागे गेलेलेही काही परत धावले.

"मेकअप बघ यार," एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली. "झकास केलाय."

स्टेजमागे मालनने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. त्यांची पँट भिजली होती. तिने झगा सोडून त्यांच्या मांड्यांवर पांघरला आणि पदराने एकेक बोट पुसू लागली. सीताराम अजून धापा टाकत होते.

नितेश मोबाइल बघतच आत आला. "काका, नाद नाही तुमचा. त्या ठोकण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. रविवारी घाटकोपरला कार्यक्रम आहे, तिथेही असंच करू. फक्त ठोकायला जरा लवकर सुरुवात करा."

"ते येणार नाहीत," मालन म्हणाली.

सीतारामांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला.

"आत मी आहे हे आधी सांगाल लोकांना?" त्यांनी नितेशला विचारलं. "नाव घेऊन?"

"सांगितलं तर मजा काय, काका?"

सीतारामांनी मान हलवली. त्यात त्यांना तथ्य वाटलं असावं.

"किती वाजता येऊ?" ते म्हणाले.